पिवळ्या बैलाची लाल शिंगं

लीलाबाईची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा आमचं भांडण झालं. माणूस गेल्यावर लोक सांगतात, शेवटच्या भेटीत ती किती शांत होती, कसा हात हातात घेतला. तसं काही झालं नाही. शेतात धानाचे रोवणे संपत आले होते, मी बांधीतून चिखलाचे पाय घेऊन तशीच तिच्या छपरीत गेले. ती बाजेवर उशीला टेकून बसली होती. चार शब्द बोलली की दम लागायचा, तरी पहिले चार शब्द तिनं कशावर खर्च केले, तर "पाय धुऊन ये, छपरी सारवली हाय." मी पाय धुतले. मग तिनं मला बाजेखालचा पत्र्याचा डबा ओढायला लावला. आत पळसाची वाळलेली फुलं होती, फागुनात वेचलेली. म्हणाली, "वच्छला, यंदा पोळ्याचे बैल तू कर. माह्याच्यानं आता पीठ मळनं होत नाई." मी म्हटलं, "मी नाही करत. हे तुहं खूळ हाय, तुहं तू पाह्य. पोरायचे चिकट हात मले आता सोसत नाईत." ती म्हणाली, "करशीन." मी म्हटलं, "नाही करत." ती हसली. तिचं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. तिला काहीतरी माहीत असायचं आणि मला नसायचं, तेव्हा ती तशी हसायची. मी डबा पायानं बाजेखाली सरकवला आणि घरी आले.

चौथ्या दिवशी सकाळी मी बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, कपडे धूत होते. तिचा मुलगा पाळीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, आई गेली." मी हातातलं लुगडं पिळलं, बादलीत टाकलं आणि मग उठले. ओला कपडा तसाच सोडून धावत सुटणारी बाई मी नाही. लीला असती तर तीही म्हणाली असती, पिळून तर ये... पण त्या दिवशी ते लुगडं मी किती वेळ पिळत होते कोण जाणे. घरी जाऊन पाहिलं तर जवळजवळ वाळलं होतं.

आम्ही दोघी गावच्या अंगणवाडीत पंचवीसेक वर्षं सोबत होतो. ती सेविका, मी मदतनीस. गाव एकोडीच्या बाजूचं, चहूकडे धान आणि मधे पाणी. ती दहावीपर्यंत शिकलेली, मी चौथी पास. ती पोरांना शिकवायची. मी खिचडी रांधायची, पोरांची नाकं पुसायची आणि लीलाचं काय चुकलं ते तिला सांगायची. हे शेवटचं काम माझ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण त्यात मी एक दिवस खाडा केला नाही. पोरांसमोर मी तिला बाई म्हणायची. पोरं घरी गेली की लीला.

एकदा ती साकोलीला प्रशिक्षणाला गेली आणि तिथून एक वही आणि एक खूळ घेऊन आली. वहीत खेळायच्या कणकेची कृती होती. मैदा, मीठ, तेल आणि बाटलीतला रंग. पोरांनी मऊ गोळे वळले, चपटे केले, तोडले, पुन्हा जोडले की त्यांच्या बोटांत बळ येते आणि पुढं पेन्सिल नीट धरता येते, असं तिला सांगण्यात आलं होतं. मी म्हटलं, "आमची बोटं गोवऱ्या थापून तयार झाली. आमाले कोनं रंगीत कणीक देल्ली होती?" ती म्हणाली, "म्हनूनच तुही सही तशी हाय." यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

माझी खरी हरकत वेगळी होती. मी लहान होते तेव्हा आमच्या घरी संध्याकाळी कनकीची पेज व्हायची, म्हणजे तांदळाच्या चुऱ्याची, आणि ती इतकी पातळ की वाटीच्या तळाचं नक्षीकाम दिसायचं. एका वाटीवर आम्ही दोघी बहिणी. त्या घरातून आलेल्या बाईला सांगायचं, की पोरांच्या हातात पीठ दे आणि त्यांना मातीसारखं खेळू दे. मी साफ सांगितलं, अंगणवाडीच्या कोठीतून चिमूटभर पीठ मिळणार नाही. किल्ली माझ्या पदराला होती. लीलानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती घरून पोरकिडे झालेली कनकी दळून घेऊन आली. म्हणाली, "हे कोंबड्यायसाठी ठेवलं होतं. कोंबड्यायचं तं चालते ना तुले?" मी विचार केला, पण कोंबड्यांच्या बाजूनं काही बोलायला मला सुचलं नाही.

बाटलीतला रंग तिनं आणलाच नाही. पोरगं हातातली वस्तू आधी तोंडात घालून पाहते हे वहीत लिहिलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. तिनं सहा वाट्या मांडल्या. एकीत हळद, एकीत पळसाच्या फुलांचं केशरी पाणी, एकीत बिटाचा रस, एकीत सेमीची, म्हणजे वालाची, पानं वाटून काढलेला हिरवा, एकीत गोकर्णीच्या फुलांचा निळा आणि एकीत जाळलेल्या करवंटीची काळी भुकटी. पोरं गोल बसली, वाट्यांकडे पाहत राहिली आणि एकानं विचारलं, "बाई, भाकर कुठी हाय?"

मग लीलानं तांदळाच्या पिठात थंड पाणी ओतलं. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण तांदळाच्या पिठात थंड पाणी ओतून त्याचा गोळा होईल म्हणून वाट पाहणारी बाई पहिल्यांदा पाहिली. पोरांनी लाडू वळले आणि लाडू त्यांच्या बोटांतून गळून गेले. मी दाराला टेकून पाहत होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. हिचं भलं व्हावं म्हणून नाही, चुकीचं मळलेलं पीठ मला पाहवत नाही म्हणून. मी गंजात पाणी उकळलं, त्यात ओंजळभर मीठ टाकलं, रंग टाकला, वरून पीठ सोडून उकड काढली आणि जवसाचं तेल लावून गरम गरम मळली. तडकू नये म्हणून त्यात दोन मुठी गव्हाचं पीठ घातलं. त्या दोन मुठी कोठीतून आल्या की लीलाच्या घरून, ते मी आजही सांगणार नाही. गोळा असा झाला की कानाच्या पाळीसारखा. लीलानं बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "आता जमलं मले."

तिला जमलं. त्या दिवसापासून गोळा चांगला झाला की लीलाबाईनं मळला, आणि तडकला की वच्छलानं मळला. पाहुणे आले, साहेब आले, पोरांच्या आया आल्या, सगळ्यांना तिनं हेच सांगितलं. एकदा कणीक लवकर आंबू नये म्हणून मी त्यात लिंबू पिळलं, तर गोकर्णीचा निळा रंग डोळ्यांदेखत वांग्यासारखा झाला. चार बायांना तिनं बोलावून दाखवलं, "हे आमच्या वच्छलाचं काम." मला वांगी रंग आवडला होता. पण तिला सांगितलं नाही.

मीठ एवढं घातलं तर पोरं खाणार नाहीत, असं वहीत होतं. पोरं खायची. पर्यवेक्षिका मॅडम एकदा पाहणीला आल्या, एका पोरासमोर बसल्या आणि त्याच्या कणकेच्या बैलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "छान आहे. पण याला तीनच पाय कसे?" पोरगं म्हणालं, "एक रोशनीनं खाल्ला." मॅडमनी रोशनीकडे पाहिलं. रोशनी तोंड मिटून बसली होती. अजून गिळला नव्हता.

आता या रोशनीबद्दल सांगायला पाहिजे, कारण बैलांचं खूळ तिच्यापासून सुरू झालं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी. गावची गुरं जिथं जमतात त्या आखरावर पोरं आपापले नंदी सजवून आणतात, रांगेत लावतात आणि मग घरोघरी फिरवून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ, एखादं नाणं. ज्याच्या घरी नंदी आहे त्याचा तो दिवस. ज्याच्या घरी नाही ते पोरगं दुसऱ्याच्या नंदीमागे चालते. त्या वर्षी पोळ्याला चार दिवस होते आणि चार वर्षांची रोशनी सकाळी अंगणवाडीत एक सुतळी ओढत आली. सुतळीच्या टोकाला वरवंटा होता. तिच्या आजीचा मसाला वाटायचा वरवंटा, चिखलातून ओढत आणलेला. मी विचारलं, "हे काय वो?"

"बैल."

"याले शिंगं कुठी आहेत?"

रोशनीनं वरवंट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला काहीच कळत नाही असं तिला वाटलं असावं. म्हणाली, "लहान हाय तो. निंगाची आहेत अजून."

मी पोट धरून हसले. लीला हसली नाही. मागून रोशनीची आजी शिव्या देत आली आणि बैल उचलून घेऊन गेली, तिचा मसाला अडला होता. दुपारी पोरं गेल्यावर लीला म्हणाली, "बावीस पोरं आहेत वच्छला. नंदी नऊ जनायच्या घरी. आपन सगळ्यायले कणकेचे बैल करून देऊ." मी म्हटलं, "बावीस बैल कोन मळन?" ती माझ्याकडे पाहून तसंच हसली.

आम्ही सगळे बैल पिवळे केले, कारण हळद प्रत्येक घरी असते आणि एकच रंग असला की याचा चांगला, त्याचा वाईट अशी भांडणं होत नाहीत. पोरांनी स्वतः वळले. काही बैल होते, काही बेडूक होते, एक तर सरळ बटाटा होता. पण ज्याचं त्यानं तो बैल आहे असं सांगितलं, तर आम्ही मानलं. सुपांत घालून दोन दिवस वाळवले. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरं बैल न्यायला आली, ती जिलेबी, पुरणपोळी खाऊन, हात तेलकट. लीलानं सगळ्यांना हात धुवायला लावले. अंगाचा साबण संपला होता, म्हणून मी कपड्याचा दिला. बावीस पोरांनी हात धुतले, म्हणजे साबण लावला आणि पाणी लावल्यासारखं केलं, आणि तेच ओले हात घेऊन आपापला बैल उचलला.

बैलांवर लाल डाग उमटले. पाठीवर, मानेवर, जिथं जिथं बोट लागलं तिथं लाल. सगळ्यात आधी रोशनीच्या आजीनं पाहिलं आणि ती ओरडली, "रगत वो माय... बैलाले रगत आलं." आया जमल्या, आखरावरची माणसं आली. झिबलजी आले. झिबलजी म्हणजे गावातले म्हातारे शेतकरी, पोळ्याचं तोरण त्यांच्या हातानं बांधलं जायचं आणि पोळ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सुपात वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "कणकेचे बैल करनंच चुकलं. दाना हाय तो, दान्याशी खेळू नये. हे बैल आखरावर येनार नाईत." हेच मी चार महिने म्हणत होते, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला पटलं नाही. रोशनीनं आपला बैल झग्यात लपवला, तर झगाही लाल झाला.

लीलाचा चेहरा पांढरा पडला होता. ते मी एकटीनं पाहिलं, कारण बाकी सगळे बैलांकडे पाहत होते. मग तिनं पिशवीत हात घातला, एक चपटी डबी काढली, तिचं एक झाकण उघडलं आणि बोटावर चुना घेतला. रोशनीच्या झग्यातून बैल काढून तिनं तो चुना त्याच्या शिंगांना चोळला. शिंगं लालभडक झाली. कुंकवासारखी. ती म्हणाली, "झिबलजी, तुमच्या घरी ओवाळाचं लाल पानी कायचं करतात?" मागून त्यांची बायको म्हणाली, "हळद नं चुना."

"मंग ते रगत असते का?"

बाया हसायला लागल्या. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे त्या घोळक्यातल्या प्रत्येक बाईनं आयुष्यभर कपडे धुताना पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं आणि तरी क्षणभर मलाही ते रक्तच वाटलं, हे कबूल करते. लीला म्हणाली, "शिंगं रंगवाची राह्यली होती, म्हनून उशीर झाला." झिबलजींनाही माघार घ्यायला रस्ता पाहिजे होता. ते म्हणाले, "मंग सगळ्यायची रंगवा. एकाचीच कायले?" त्या दिवशी बावीस बैल लाल शिंगं घेऊन आखरावर गेले. बटाट्यालाही दोन शिंगं आली.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "चुना कुठून आनला?"

"शिंगायसाठी आनला होता."

"म्हंजे साबनानं असं होईन हे तुले आधीच माहीत होतं?"

"सेविकेले सगळं माहीत पाह्यजे," ती म्हणाली आणि डबी पिशवीत टाकली.

लीला तंबाखू खायची. दर महिन्याला आयांना बसवून तंबाखूनं काय काय होते ते सांगणारी, भिंतीवर तक्ता लावणारी लीला, पोरं खिचडी खात असताना कपाटाच्या दाराआड तोंड करून चिमूट दाढेखाली धरायची. मला वास यायचा. तिला वाटायचं मला येत नाही. त्या दिवसापासून आम्ही त्या डबीला शिंगांची डबी म्हणायला लागलो. कधी ती घरी विसरली की अकरा वाजेपासून तिचं डोकं दुखायचं आणि ती म्हणायची, "वच्छला, पोरायले सांभाळ, मी शिंगायची डबी घिऊन येतो." पोळ्याला सहा महिने असायचे. मी म्हणायची, "जा बाई, शिंगं वाढून राह्यली आहेत." आम्ही दोघी कधी हसलो नाही त्यावर.

मग दरवर्षी ते झालं. पिवळे बैल, लाल शिंगं. पळसाच्या केशरी पाण्यानं झूल रंगवायची, करवंटीच्या काळ्यानं डोळे. दुसऱ्या कुठल्या गावात असे बैल नाहीत. एका वर्षी पोरांनी खऱ्या बैलांची खांदशेकणी पाहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकतात, तसे त्यांनी आपल्या बैलांचे शेकले. गरम पान, गरम तूप. बैल चारी पाय पसरून बसले ते उठलेच नाहीत. लीला म्हणाली, कणीक वच्छलानं मळली होती.

आम्ही दोघी वयानं निवृत्त झालो. नवीन सेविका चांगली मुलगी आहे, तिच्याकडे डब्यातली तयार कणीक येते, तिला घरचा वास नाही आणि ती तडकतही नाही. लीलानं आपली छपरी उघडली. पोळा आला की गल्लीतली पोरं तिच्याकडे, आणि ती निरोप पाठवायची, "पानी उकळलं, ये." मी शिव्या देत जायची.

तेरवीला लोक खूप चांगलं बोलले. लीलाबाई कधी रागावल्या नाहीत, असं एक जण म्हणाला. तो लहानपणी अंगणवाडीत होता, तिनं त्याचा कान किती वेळा पिळला ते मी मोजू शकत नाही. एक जण म्हणाला, खोटं कधी बोलल्या नाहीत. मी भात वाढून घेतला. जेवणं झाल्यावर तिची सून मला आत घेऊन गेली. तिच्या हातात ती चपटी डबी होती. म्हणाली, "मावशी, आईच्या उशीखाली सापडली. आई तंबाखू खात होत्या का?"

मी तोंडावर खरं बोलणारी बाई आहे. गावात माझी तीच ओळख आहे, त्यामुळे मला लग्नात फार बोलावत नाहीत. पण मी म्हटलं, "नाई. ते बैलायच्या शिंगायसाठी हाय."

सुनेनं डबीचं एक झाकण उघडलं. आत चुना. मग डबी उलटी करून दुसऱ्या बाजूचं झाकण उघडलं. आत तंबाखू. म्हणाली, "शिंगायले तंबाखूही लागते का मावशी?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "आमाले माहीत होतं. वीस वर्सं झाली. मीच आनून देत होतो बाजारातून, चहाच्या पुड्यात लपवून."

"मंग मले कायले विचारलं?"

"तुमी काय म्हनता ते पाहाचं होतं," ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरून आले. मी डबी घेतली आणि घरी आले. रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं ते मला कळत नाही.

पोळा जवळ आला. मी ठरवलं होतं, नाही करायचे बैल. लीला गेली, तिच्यासोबत ते संपलं. गल्लीतली पोरं दोनदा दारात येऊन उभी राहिली, मी त्यांना हाकललं. गुडघे दुखतात, पाणी उकळायला सरपण ओलं आहे, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं... एकटीनं उकड काढायची आणि ती बिघडली तर बिघडवणारी मी एकटी, हे मला झेपत नव्हतं. एवढी वर्षं ती म्हणायची, वच्छलाचं चुकलं. आता कोणी म्हणणार नव्हतं, आणि चूक तर होणारच होती.

पोळ्याला दोन दिवस होते. मी अंगण सारवून नुकतीच उठले होते, तेवढ्यात फरफर आवाज आला. शेजारची परी, पाच वर्षांची, सुतळी ओढत माझ्या ओल्या सारवणावरून येत होती. मागे चार पोरं, एकाच्या डोक्यावर पळसाच्या फुलांचा पत्र्याचा डबा. सुतळीच्या टोकाला वरवंटा. तो मी ओळखला, लीलाचा होता, एका बाजूनं टवका उडालेला. अंगणात मधोमध नांगराच्या तासासारखी रेघ पडली होती. मी विचारलं, "हे काय वो?"

"बैल."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "याले शिंगं कुठी आहेत?"

परी म्हणाली, "ते तू लावशीन. लीला आजीनं सांगतलं होतं, वच्छला आजी नाई म्हनन. मंग हा वरवंटा न्याचा, अन् ती इचारन शिंगं कुठी आहेत, तं सांगाचं का शिंगं तूच लावते."

मी रस्त्याकडे पाहिलं. लीलाची सून तिच्या दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. म्हणजे शेवटच्या भेटीत ती का हसली ते मला त्या दिवशी कळलं. मी डबा पायानं सरकवून घरी गेले आणि तिनं बाजेवरून पोरांना बोलावून हे पाठ करून घेतलं. दम लागत असताना. मला फार राग आला. मी पोरांना म्हटलं, "पाय धुऊन या, आंगण सारवलं हाय." आणि पाणी उकळायला ठेवलं.

कणीक तडकली. पाणी जास्त उकळलं, की पीठ जुनं होतं, की माझ्या हातांत आता ते बळ नाही, काहीतरी झालं. दुसऱ्या दिवशी सुपातल्या बैलांच्या पाठींवर उन्हाळ्यातल्या बांधीसारख्या भेगा होत्या. पोरं पाहत होती. परीनं विचारलं, "आजी, हे काहून तडकले?"

मी म्हटलं, "लीलानं मळली होती कणीक."

"ती तं मेली ना."

"मेली म्हनून का झालं. चूक तिचीच हाय."

परीला ते पटलं. तिनं आपला बैल पुढं केला. मी पेटीतून डबी काढली. चुना वाळून खडा झाला होता, त्यात पाण्याचे दोन थेंब टाकून बोटानं कालवला आणि एकेकाची शिंगं रंगवली. भेगांसकट सगळे बैल तान्ह्या पोळ्याला आखरावर गेले. कोणी भेगा पाहिल्या नाहीत, लाल शिंगं पाहिली. परीच्या बैलाचा एक कान आखरावर पोचेपर्यंत गेला होता. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

डबी आता माझ्या फळीवर आहे, मिठाच्या बरणीजवळ. दर तीन-चार दिवसांनी मी तिच्यात दोन थेंब पाणी टाकते, नाहीतर चुना दगड होतो. दुसऱ्या बाजूची तंबाखू तशीच आहे, ती मी काढली नाही. झाकण उघडलं की लीलाचा वास येतो. तंबाखू मी खात नाही. परवा माझ्या सुनेनं डबी पाहिली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सांगितलं, शिंगांसाठी आहे.